कोळपे ॲग्रो, पहिला मजला

माझ्या ऑफिसात कुणी बसत नाही. बसायचं नसतंच. हे शिरूरमध्ये कुणाला समजावून सांगायला गेलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि नवऱ्याची कीव करायचा.

लग्नाआधी मी पुण्यात एका बिझनेस सेंटरमध्ये फोन घ्यायला होते. टेबलावरच्या यंत्रात कुठला दिवा लागला ते बघायचं आणि त्या कंपनीचं नाव घेऊन नमस्कार म्हणायचं. घटकेत मी सिमेंट कंपनी, घटकेत परदेशी शिक्षणाची एजन्सी. मालक लोक कुणी मुंबईत, कुणी अमेरिकेत. पण पत्ता आमचा, पाटी आमच्या जिन्यात, टपाल आमच्या खणात. त्याला तिथे व्हर्च्युअल ऑफिस म्हणायचे आणि सगळे मान डोलवायचे. तीच गोष्ट मी दोन हजार सहा साली शिरूरला सुरू केली, तर मी झाले रिकामी खोली भाड्याने देणारी बाई.

रिकामी कशी? टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या, पंखा, फोन, टपालासाठी खणांचं कपाट. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत हौसरावशेठचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांच्या माडीवरची ही खोली. जिन्याच्या तोंडाशी माझ्या गिऱ्हाइकांच्या पाट्या ओळीने लावलेल्या. रांजणगावला एमआयडीसी वाढत होती आणि तिच्या मागे कंत्राटदार वाढत होते. कुणी माणसं पुरवायचा, कुणी जेवणाचे डबे, कुणी पाण्याचे टँकर. धंदा जोरात, आणि पत्ता विचारला तर ओढ्याच्या पलीकडे चिंचेपासून डावीकडे. असा पत्ता कंपनीच्या फॉर्मात मावत नाही. मावला तरी कंपनीचा साहेब त्या चिंचेपर्यंत पोचत नाही. म्हणून ही माणसं माझा पत्ता घ्यायची.

"प्रतिभाताई," हौसरावशेठ म्हणायचे, "तुमचं गिऱ्हाईक बरं. यायचंच न्हाई म्हणून पैसे देतंय. आमचं बघा, पाव किलो खिळे घेतंय आन् दिवसभर बसतंय."

बिरदेव माझा मामेभाऊ. माझ्यापेक्षा लहान, अंगाने काटकुळा, डोक्याने चलाख. आम्ही धनगर. माझ्या वडिलांनी मेंढरं कधीच विकून शेती धरली, मामांनी मात्र सोडली नाहीत. पावसाळाभर वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेच्या अंगाला वस्तीवर राहायचं, आणि दिवाळी झाली की घराला कुलूप लावून घाट उतरायचा. कोकणातल्या लोकांच्या वावरात मेंढरं बसवायची, लेंडी त्यांच्या जमिनीत पाडायची, आणि वळिवाच्या आधी परत. बिरदेवही लहानपणापासून बरोबर चालायचा.

त्या पोराच्या डोक्यात आलं की आपण ही लेंडी दुसऱ्याच्या रानात का टाकतो? ती वाळवली, कुटली, चाळली आणि गोणीत भरली की पुण्याकडचे बागवाले हात जोडून घेतात. रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीला आवारात हिरवळ आणि गुलाब करायचे होते. त्यांच्या खरेदीच्या साहेबाने बिरदेवची गोणी उघडून वास घेतला, वास आलाच नाही, आणि साहेब खूश झाला. व्हेंडर कोड, म्हणजे माल पुरवणारा म्हणून कंपनीत नोंद, मिळाला की वर्षभराची ऑर्डर.

त्यासाठी फर्म हवी होती. ती झाली. कोळपे ॲग्रो, भागीदार दोन, म्हस्कू धोंडिबा कोळपे आणि बिरदेव म्हस्कू कोळपे. फर्मला पत्ता हवा होता.

"आक्का, वस्तीचाच टाकू का?" बिरदेवने विचारलं.

"अर्धं वर्ष कुलूप असतं त्या घराला. टपाल कोण घेणार, बोका?"

मग त्याची पाटी माझ्या जिन्यात लागली. पेंटरने पिवळ्यावर काळ्या अक्षरात फक्कड काढून दिली.

आता ही ऑर्डर मिळणं का एवढं महत्त्वाचं होतं ते सांगते. मामीमुळे. माझी मामी, गिताबाई. माहेर कासुर्डीचं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. बागाईतदाराच्या शेजारी वाढलेली पोर लग्न करून आली आणि चालायला लागली, ती आजतागायत. तिचे गुडघे गेले होते. आदल्या वर्षी घाट उतरताना ती मध्येच खाली बसली आणि मेंढरं पुढे गेली. मामांनी मागे येऊन तिला घोड्यावर बसवलं. त्या घोड्यावर आमच्यात कोंबड्यांचं खुराडं, भांडी आणि चालता न येणारी कोकरं असतात. परत आल्यावर मामी मला म्हणाली, "परतिभा, मी वझं झाले गं." एवढंच बोलली आणि भाकरी थापायला लागली. मला तेव्हापासून मामांचा राग यायचा. त्यांचं मामीवर प्रेम नव्हतं असं नाही, पण प्रेम करायचं तर एका जागी बसून करावं ना माणसाने.

बिरदेवने तो विषय मामांच्या गळी उतरवला होता. बिरोबाच्या देवळात शपथेचा भंडारा उचलून मामा सगळ्यांदेखत बोलले होते, "कंपनीचं दिवाळीच्या आत ठरलं तर मेंढरं हितंच बसवायची. लेंडी आपल्या दारात पडंल, गिताबी दारात ऱ्हाईल. न्हाई ठरलं तर मग माझ्याकडं दुसरा इलाज न्हाई. दिवाळी झाली की वाटंला लागायचं." मेंढरांना काहीतरी खायला घालायला हवं, आणि कोकणातलं रान फुकट नसलं तरी हिरवं असतं. त्यांचंही खरं होतं.

दसरा झाला आणि कंपनीकडून निरोप आला. पुण्याची एक एजन्सी पत्त्याची पाहणी करणार. याच आठवड्यात. वार सांगणार नाही, फोन करणार नाही. आसपास विचारपूस करून यायचं, दोघांपैकी एक भागीदार जागेवर भेटला पाहिजे, नाही भेटला तर फाइल बंद आणि ऑर्डर पुढच्या माणसाला.

"म्हंजी आता मला बसावं लागणार?" बिरदेव म्हणाला. माझ्या ऑफिसात बसायची वेळ आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

सोमवार, मंगळवार, बुधवार तो बसला. खुर्चीत त्याला धड बसता यायचं नाही, पाय वर घेऊन बसायचा. गुरुवारी मात्र दौंडला जाणं भाग पडलं. तिथला गोण्यांचा व्यापारी सांगत होता की आज उचलल्या नाहीत तर दुसऱ्याला देईन, आणि गोण्या नसतील तर कंपनीला खत काय ओंजळीतून द्यायचं? बिरदेव म्हणाला, "आबांना पाठिवतो. तेबी भागीदारच हायेत की."

मी त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. पण कागदावर ते बरोबर होतं, आणि कागदावर बरोबर असलं की मला लगेच पटतं, पुण्याची सवय.

मामा सकाळच्या जीपने आले. पांढरं मुंडासं, धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पंख्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू आता हा डोक्यावर पडणार. मी त्यांना खुर्ची दिली. ते टेकले, उठले, खिडकीशी गेले, परत टेकले.

"पोरी, हितं वारं न्हाई."

"पंखा आहे की, मामा."

"ते वारं न्हाई, ते भणभण हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "मी आपला खाली बसतो. जिन्याच्या तोंडालाच. कुणी आलं तर माझ्याम्होरनंच वर येणार न्हवं?"

मला ते सोयीचं वाटलं. फोन वाजत होते, टँकरवाल्याचं टपाल लावायचं होतं. ते खाली गेले. हौसरावशेठ जेवायला घरी गेले होते, दुकानावर अर्धं शटर होतं. मी वरून एकदा डोकावले, तर मामा पायरीवर निवांत तंबाखू मळत बसलेले.

दुपार कलायच्या आधी ते वर आले. चेहरा एकदम खुशीत.

"परतिभा, एक जण आला हुता इचारत."

माझ्या हातातलं टपाल तसंच राहिलं. "कोण?"

"हुतं एक शेरातलं पोरगं. मोटारसायकल, पाठीला पिशवी, हातात कागुद. मला म्हणतंय, आबा, हितं म्हस्कू धोंडिबा कोळपे असत्यात का? कुठं ऱ्हात्यात, काय करत्यात? लई खोदून इचारत हुतं."

"मग? वर का नाही आणलंत?"

"वर? येडी का खुळी? लावला वाटंला." मामा हसले. "म्हणलं, म्हस्कू कोळपे व्हय? ते हितं कुठलं? ते घोडनदीच्या पल्याड, बेलवंडी फाट्याच्या अंगाला हायेत मेंढरं घिऊन. गेलं की तिकडं फटफटी घिऊन."

मी खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवरच.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, मला वाटलं नाही, मला फक्त रडू आलं. मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, घेऊन रानोरान फिरणारा माणूस रात्रीचा मुक्काम कधी कुणाला सांगत नाही. चोर आधी दिवसा येऊन गोडीने चौकशी करून जातो आणि रात्री कोकरं उचलतो. म्हणून आमच्या पोरांनाही शिकवलेलं असतं, कुणी अनोळखी माणसाने कुठे उतरलाय विचारलं की हात उलट्या दिशेला करायचा. वाटसरू असो, तलाठी असो, पोलिस असो, हात उलटाच. मामांनी सारी उमर हे इमानाने पाळलं होतं. आज त्यांचं स्वतःचं नाव घेऊन, कागद हातात घेऊन, खोदून खोदून विचारणारा माणूस आला, म्हणजे तर नक्कीच चोर.

"मामा, तो कंपनीचा माणूस होता!"

"कंपनीचा?" त्यांचा चेहरा उतरला. "पर मग त्यानं सांगायचं न्हाई का तसं?"

"पाटी दिसली नाही का त्याला? एवढी पिवळीधमक पाटी आहे जिन्यात!"

मी धडाधडा खाली उतरले. पाटीच्या खिळ्याला मामांचं घोंगडं अडकवलेलं होतं. कोळपे ॲग्रो त्याच्या खाली गुडूप. हौसरावशेठ जेवून येत होते, त्यांनी माझं तोंड बघितलं आणि काही न बोलता शटर वर केलं.

पाठलाग करावा असं आलं मनात. पण तो पल्याडच्या जिल्ह्यात पोचलाही असेल, आणि मी मामांना गाडीवर घालून गेले आणि तो इकडे परत आला तर खोलीला कुलूप. मी बिझनेस सेंटरमध्ये एकच गोष्ट पक्की शिकले होते, की पत्ता सोडून जायचं नाही. एजन्सीचा नंबर बिरदेवकडेही नव्हता. कंपनीत फोन केला तर तिथली बाई म्हणाली, पाहणीवाला रिपोर्ट देईल तेच धरलं जातं. फोन ठेवला आणि मी मामांना घोंगड्यासकट वर आणलं.

"या खुर्चीत बसा. कोणी काहीही म्हणो, उठायचं नाही."

बसले बिचारे. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, भिंतीकडे बघत. मला त्यांचा संतापही येत होता आणि कीवही. माणसाने आपलं काम चोख केलं होतं, आणि चोख केलं म्हणूनच वाटोळं झालं होतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. मला गुडघ्यांवरून कळलं की मामी आहे. तिने फडक्यात बांधून भाकरी आणि पिठलं आणलं होतं, कारण मामा हॉटेलचं खात नाहीत. वर येऊन ती आधी टेबलाला हात लावून बघत राहिली.

"हेच व्हय आपलं हापिस? बरं हाय की." मग आमची तोंडं दिसली तिला. "काय झालं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं.

मामीने भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांच्याशी एवढं सलग बोलताना ऐकलं.

"आवो, ज्या गावाला गेलो त्या गावात तुमी सांगितलं, आमी हितं न्हाईच. कुणी इचारलं की न्हाईच. मी कुठं बाळंत झाले ते गावात कुणाला ठावं न्हाई. कुठं आजारी पडले ते कुणाला ठावं न्हाई. कोकरं राखायची म्हणून मीबी गप ऱ्हायले, माझाबी हात उलटाच. आन् आज एक माणूस आपल्या भल्यासाठी दारात आला, तर त्यालाबी म्हस्कू कोळपे न्हाईच? मग हाय तरी कुठं आपण?"

मामांनी मान खाली घातली. "माझ्या त्वांडातनं निगून गेलं, गिता. इचार करायच्या आधीच गेलं."

"ठावं हाय मला." मामीचा आवाज खाली आला. "खाऊन घ्या."

त्यांनी खाल्लं नाही. कुणीच खाल्लं नाही. पंखा फिरत होता. मी मनातल्या मनात घाट चढत-उतरत होते आणि प्रत्येक वळणावर मामी खाली बसत होती.

आणि मग खाली मोटारसायकल थांबली.

बूट वाजवत एक तरणा पोरगा वर आला. धुळीने पांढरा झालेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. दारात उभा राहून त्याने कागद वर धरला आणि अगदी शिस्तीत विचारलं, "म्हस्कू धोंडिबा कोळपे इथे असतात का?"

मी तोंड उघडणार होते. मामीने माझा हात दाबला.

मामांनी काठी डाव्या हातात घेतली. अनोळखी माणूस, हातात कागद, आणि तोच प्रश्न. मी बघितलं, त्यांचा उजवा हात खरोखरच उचलला गेला. खिडकीकडे, नदीच्या दिशेला. अर्ध्यात थांबला. मग तो हात त्यांनी आणून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"मीच," मामा म्हणाले. "मीच म्हस्कू कोळपे. हितंच असतो."

पोरगा बघत राहिला. "आबा, मघाशी खाली तुम्हीच बसला होतात ना? तुम्हीच मला बेलवंडीला पाठवलंत!"

"व्हय, मीच पाठिवलं."

"का पण?"

मामा मुंडासं सारखं करत म्हणाले, "साहेब, तुमी चोर वाटला."

मी डोळे मिटून घेतले. संपलं म्हटलं. मामीने माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं. तो उभ्याउभ्या सगळा तांब्या प्यायला. मग दुसऱ्या खुर्चीत धपकन बसला.

"तुम्ही परत कसे आलात?" मी कसंबसं विचारलं.

"मला फेरी पूर्ण केल्याचेच पैसे मिळतात हो मॅडम. सापडले नाहीत लिहून सोडलं तर माझं पेट्रोल अंगावर. म्हणून गेलो शोधत. फाट्याच्या पुढे एक बाई मेंढरं चारत होत्या, त्यांना विचारलं. त्या आधी तोंडाला पदर लावून हसल्याच. म्हणाल्या, म्हस्कू कोळपे? ते काय हितं मेंढरामागं फिरत्यात व्हय आता? ते शिरूरला बसलेत, माडीवर, खुर्चीत, पंख्याखाली, साहेब होऊन. जा, तितंच घावतील." त्याने शर्टाने कपाळ पुसलं. "मला एकदम आठवलं, अरे, फॉर्मवर पहिला मजलाच लिहिलंय की."

मामीने पुढे होऊन विचारलं, "बाईच्या संगं लाल लगामाचं घोडं हुतं का? आन् एका डोळ्याची कुत्री?"

"हो. कुत्री अंगावर आली माझ्या."

"धुरपदा!" मामी एकदम ओरडली. "आवो, आपली धुरपदा ती! माझी चुलत जाव!"

आणि मग मामी हसायला लागली. आधी मला कळेना, मग कळलं. धुरपदाला या ऑफिसाचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ती पावसाळ्याआधीपासून पल्याड होती. अनोळखी पोरगा म्हस्कूची चौकशी करतोय म्हटल्यावर तिनेही रीतीप्रमाणे हात उलटाच केला होता. त्यातून पोरगा शहरी दिसला म्हणून त्याची फिरकी घ्यायला, तिला सुचेल तितकी मोठी थाप मारली होती. म्हस्कू कोळपे आणि खुर्चीत! पंख्याखाली! तिच्या मते जगात याच्याइतकं अशक्य काही नव्हतं.

मामा आधी मामीकडे बघत राहिले, मग पंख्याकडे, मग आपण बसलेल्या खुर्चीकडे. आणि तेही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही, पण छातीवरची एक शिळा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं होतं. पोरगा बावचळून आम्हा तिघांकडे बघत होता. मी त्याला सगळा प्रकार सांगितला. त्यालाही हसू आवरेना.

मग त्याने काम सुरू केलं. पाटी बघितली, या वेळी घोंगड्याशिवाय. हौसरावशेठशी झालेला भाडेकरार बघितला. हौसरावशेठ स्वतः वर येऊन सांगून गेले की कोळपे ॲग्रो इथेच असतं आणि माणसं फार सज्जन आहेत, घोंगडं सोडलं तर. मी त्याला सरळ सांगितलं की ही जागा पत्त्यासाठी, टपालासाठी आणि फोनसाठी आहे, माल वस्तीवर तयार होतो, काही लपवण्यासारखं नाही. तो म्हणाला, पुण्यात अर्ध्या कंपन्या अशाच आहेत मॅडम, आम्हाला फक्त माणूस खरा आहे का ते बघायचं असतं.

"मग वस्ती कुठे आहे?" त्याने पेन काढून मामांना विचारलं. "तेही लिहून घेतो."

मामांनी घसा साफ केला. आणि त्या माणसाने, ज्याने जन्मात कुणाला आपलं ठिकाण सांगितलं नव्हतं, सांगायला सुरुवात केली. न्हावऱ्याचा रस्ता, मग वडगाव रासाई, मग देवळाला वळसा, मग नदीच्या अंगाची पांदी, कुठे चिखल असतो, कुठल्या घरची कुत्री धावतात, आमच्या दाराला निळा रंग आहे, दारात शेवगा आहे, मेंढरं कुठल्या बाजूला बसतात, किती वाजता परत येतात, आपण रात्री कुठे झोपतो, मामी कुठे झोपते. पोरगा म्हणाला, आबा पुरे, एवढी जागा नाही कागदावर. पण मामा थांबेनात. मामी त्यांच्या शेजारी उभी राहून एकेका वळणाला मान हलवत होती.

जाताना पोरग्याने तिथेच बसून पिठलं-भाकरी खाल्ली.

दिवाळीच्या आधी व्हेंडर कोड आला. माझ्याच पत्त्यावर आला, कोळपे ॲग्रोच्या खणात. मी लगेच बिरदेवला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, आईला सांगतो." दिवाळी झाली, पल्याडच्या अंगाची सगळी मेंढरं एकामागून एक घाटाकडे निघाली. धुरपदा जाता जाता वस्तीवर येऊन गेली आणि मामीच्या गळ्यात पडून म्हणाली म्हणे, की माझी थाप खरी करायची काय गरज होती गं तुम्हाला?

जानेवारीत एक दिवस ऑफिसचा फोन वाजला. मी सवयीप्रमाणे म्हणाले, "नमस्कार, प्रतिभा बिझनेस सेंटर."

पलीकडे मामीचा आवाज, फोनवर बोलायचं म्हणून मुद्दाम मोठा काढलेला.

"मी गिताबाई कोळपे बोलते. वस्तीवरनं."

"बोल ना मामी. काय झालं?"

"काय न्हाई गं. शाळवाचा हुरडा आलाय." मग म्हणाली, "दरसाली आमी पेरून जायचो, भावकी काढून ठिवायची, माघारी यायचो तवा कणगीत दाणं असायचं. आपल्या रानातलं कणीस हिरवं कसं दिसतं ते मी बघितलंच नव्हतं, परतिभा. आज बघितलं. लई ग्वाड हाय. कवा येतीस?"

मी दुपारीच खोलीला कुलूप लावलं आणि गेले.